दोन फळ्यांच्या मधली टाटपट्टी

माझी मुलगी आता तिसरीत आहे. शाळा सुटली की ती गाडीवर माझ्या मागे बसते आणि मी हेल्मेट घालता घालता विचारते, "काय झालं वं आज शाळेत?" ती म्हणते, "काही नाही." अख्खा दिवस शाळेत काढून आलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखं काहीच नसतं, हे मला पटत नाही. मी पुन्हा विचारते. मग ती म्हणते, "आई, काहून एवढं विचारून राहिली?" आणि दुकानांच्या पाट्या वाचत बसते. मानेवाडा चौकापासून बेसातल्या आमच्या घरापर्यंतचा रस्ता काही लहान नाही, आणि तो सगळा आम्ही गुपचूप काटतो. अशा वेळी मला तिचं पहिलीचं वर्ष इतकं आठवतं की वाटतं, गाडी बाजूला लावावी, तिला गदगदा हलवावं आणि विचारावं, कुठे गेली ती पोरगी, जी मला श्वास घ्यायला उसंत देत नव्हती?

आणि गंमत म्हणजे त्या वर्षी मला हवं होतं ते नेमकं उलटं. तिनं शाळेत एकदा तरी तोंड उघडावं, एवढंच मी मागत होते.

आमच्या घरात शाळेला नावं ठेवायची सोय नाही. माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली आणि घरी येऊन पहिलं काम केलं ते पोरांना शाळेत बसवण्याचं, असं वडील सांगायचे. त्यामुळे शाळा कशीही असो, ती शाळा. तरी मी मुलीला मराठी शाळेत घातलं तेव्हा आमच्या बेसाच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. सकाळी आमच्या गेटसमोर पिवळ्या बसगाड्यांची रांग लागते, टाय लावलेली पोरं चढतात, आणि मी एकटीच पोरीला गाडीवर टाकून शहराकडे निघालेली असायचे. मी मराठी शाळेत शिकले, माझं काय अडलं, असं मी ठणकावून सांगायचे. मी एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर बसते, तेव्हा काही अडलंच असेल तर ते मला न सांगता अडलं असावं.

जवळची दुसरी मराठी शाळा बंद पडल्यामुळे तिथली मुलंही आमच्याच शाळेत आली होती. पहिलीच्या दोन्ही तुकड्या ठासून भरलेल्या. तरी जूनअखेर शाळा उघडली तेव्हा दोन वर्ग होते आणि दोन बाई होत्या, म्हणून कोणी काही बोललं नाही. ऑगस्टअखेर, तान्ह्या पोळ्याच्या सुमाराला, एका वर्गाच्या छताचं प्लास्टर खाली आलं. रविवार होता, म्हणून निभावलं. त्या वर्गाला कुलूप लागलं आणि दोन्ही तुकड्या मागच्या लांबट हॉलमध्ये आल्या. महिन्याभरात दुरुस्ती होईल असं सांगितलं गेलं. असल्या महिन्याभराचं पुढे काय होतं, ते आपल्याला ठाऊक असतं.

हॉलच्या एकाच भिंतीवर दोन फळे लावले, एक डाव्या टोकाला, एक उजव्या. मुलं त्यांच्यासमोर टाटपट्ट्यांवर, म्हणजे तागाच्या लांब बस्करांवर. तुकड्या मोडून बाईंनी मुलांची नवी वाटणी केली. ज्यांना अक्षरं येत नव्हती ती डावीकडे, मोठ्या बाईंसमोर. ज्यांना थोडीफार येत होती ती उजवीकडे, लहान बाईंसमोर. मोठ्या आणि लहान ही नावं मुलांनीच पाडली होती. मोठ्या बाई निवृत्तीला आलेल्या, कामठीवरून ऑटोनं यायच्या. लहान बाईंचं नुकतंच लग्न झालेलं होतं. ही वाटणी झाली त्या आठवड्यात माझी मुलगी तापानं घरी होती. बरी होऊन गेली तेव्हा हॉल भरलेला होता, आणि दोन्ही बाजूंच्या मधोमध, अगदी पुढे, एक टाटपट्टी रिकामी होती. ती तिथे बसली. हजेरीसाठी एकेकाला पुकारण्याइतका वेळ कोणाला होता? बाई विचारायच्या, "कोण नाही आलं?" आणि न आलेल्यांची नावं मुलंच ओरडून सांगायची. आलेल्याला कोणी काही विचारत नव्हतं.

दोन्ही बाजू एकदम बोलायला लागल्या की तो हॉल म्हणजे बुधवारचा बाजार व्हायचा. म्हणून लहान बाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यांवर चित्रं काढली. पुठ्ठ्याच्या एका अंगाला आ वासलेलं तोंड, दुसऱ्या अंगाला ओठांवर बोट ठेवलेला चेहरा. असा एकेक पुठ्ठा दोन्ही फळ्यांच्या खिळ्याला टांगला. डावीकडे तोंड लागलं की उजवीकडे बोट लावायचं. तोंडवाली बाजू मोठ्यानं म्हणायची, बोटवाली बाजू चूप बसून लिहायची. थोड्या वेळानं दोघी बाई एकमेकींकडे पाहून मान हलवायच्या आणि दोन्ही पुठ्ठे उलटायच्या. मला ही युक्ती इतकी आवडली होती की सासरची मंडळी घरी आली की असा पुठ्ठा त्यांच्यासमोर टांगावा, असं नवऱ्याला म्हटलं होतं. त्याला ते आवडलं नाही.

सकाळी पहिल्यांदा ज्या बाजूला तोंड लागेल, तिथल्या मुलांनी 'आज काय पाहिलं' ते सांगायचं. शाळेत येताना रस्त्यात जे दिसलं ते फळ्याजवळ उभं राहून सगळ्यांना सांगायचं, रोज चार-पाच जणांनी. मग दुसऱ्या बाजूची पाळी. माझ्या मुलीच्या पहिलीच्या वर्षात याहून मोठं काही नव्हतं. गाडीवर ती माझ्या मागे बसून रस्ता चाळत यायची. "आई, हळू घे, हळू घे! ते पाह्य बरं, ऑटोत बोकड बसून आहे! हे मी सांगते आज." एकदा एक माणूस सायकलवर कपाटाचा मोठा आरसा घेऊन चालला होता आणि त्या आरशात आम्ही दोघी गाडीवर येताना दिसत होतो. तिनं मला त्याच्या मागे मागे जायला लावलं. मला उशीर झाला, डॉक्टरांची बोलणी बसली. "हे तं मी नक्की सांगते," ती म्हणाली.

संध्याकाळी मी विचारायचे, "सांगितलं आरशाचं?"

"माही पाळी नाही आली."

मग बाकीच्यांनी काय सांगितलं ते सुरू. कोणाच्या घरी साप निघाला, कोणाच्या बापानं नवीन कूलर आणला, कोण रडलं, कोणाला उलटी झाली. मी कणीक मळत असायचे, ती ओट्याला टेकून बोलत असायची, माझ्या मागे बाथरूमच्या दारापर्यंत यायची आणि दाराबाहेरून बोलत राहायची. तिला झोप लागायची तीही वाक्याच्या मध्येच. मी तेव्हा वैतागायचे. आज कोणी मला म्हणालं, ती एक संध्याकाळ परत देतो, तर मी बाथरूमचं दार उघडंच ठेवीन.

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या लक्षात आलं की तिच्या सांगण्यात सगळा वर्ग असतो, ती स्वतः कुठेच नसते. ती काय म्हणाली, तिला बाईंनी काय विचारलं, तिनं कोणती कविता म्हटली, यातलं एक अक्षर मी ऐकलं नव्हतं. सुट्टी संपल्यावर पालकसभा होती. मी आधी मोठ्या बाईंकडे गेले.

"तुमची ना?" त्या कौतुकानं म्हणाल्या, "लय गरीब पोरगी आहे हो. काही त्रास नाही तिचा. पण ती तं तिकडे असते, लहान बाईकडे."

लहान बाई शेजारीच होत्या. त्यांनी वर पाहिलं. "माझ्याकडे? मी तं समजत होती ती तुमच्याकडे आहे."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "म्हणजे पोळ्यापासून माझी पोरगी कोणाकडेच नाही? ती रोज डबा घेऊन येते ती काय हॉलला वारा घालायला?" लहान बाईंचे डोळे भरून आले. मोठ्या बाई मात्र अशा प्रसंगांना सरावलेल्या होत्या.

"ताई, चिडा, तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण एवढे लेकरं आहेत. एकाचं नाक पुसते तं दुसऱ्याची चड्डी ओली. कामठीवरून ऑटोत कोणाची तरी पिशवी मांडीवर घेऊन येते अन् इथं दिवसभर गळा फाडते. घरी गेली का माह्यात आवाजच नाही राहत. भाजी कोणती करायची ते सुनेले मी खुणेनं सांगते. जे लेकरू रडते, मारते, पडते, ते दिसते. तुमची पोरगी यातलं काहीच करत नाही. आता दोघी मिळून लक्ष देतो आम्ही."

दोघी मिळून, हे ऐकून मला बरं वाटलं होतं. भांडायला गेले होते, पण बाईंचा तो बसलेला आवाज ऐकून माझाच आवाज खाली आला.

त्यांनी लक्ष दिलंही. कधी या बाई तिला फळ्याजवळ बोलवायच्या, कधी त्या. ती उठायची, जायची, उभी राहायची. तोंड उघडायला जायची, हॉलभर एकदा नजर फिरवायची आणि ओठ मिटून घ्यायची. मैदानावर तीच पोरगी लंगडीत सगळ्यांवर ओरडायची. हॉलच्या दारात आली की पुन्हा चूप. "बोलली का आज?" मी विचारायचे. "बोट होतं," ती म्हणायची. म्हणजे आज दुसऱ्या बाजूची पाळी होती, असं मी समजायचे. डिसेंबरात मोठ्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि अगदी मायेनं सांगितलं की पोरीला एकदा दाखवून घ्या, मोठ्यानं वाचलंच नाही तर आम्ही काय समजावं, पहिलीतच अजून एक वर्ष बसवावं लागेल. मी माझ्या डॉक्टरांनाच तिचं तोंड दाखवलं. त्यांनी जीभ पाहिली, टाळू पाहिला. "बोलत नाही म्हणता?" ते म्हणाले. "आल्यापासून प्रश्न विचारून विचारून माझं डोकं खाल्लं हिनं."

मी रात्री झोपलेल्या पोरीकडे पाहायचे आणि मला तिचा फार कळवळा यायचा. एवढी मोठी शिदोरी घेऊन रोज जाते आणि तशीच परत आणते. तिचं बोलणं माझ्या एकटीच्या स्वयंपाकघरात किती दिवस पुरणार? ते बाहेरच्या कोणीतरी ऐकायला हवं होतं. मला कोणा परक्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं, की तुमची मुलगी असं असं म्हणाली.

जानेवारीत मोठ्या बाईंना आठवडाभर कसल्याशा सर्वेक्षणाच्या कामाला लावलं. हॉलमध्ये लहान बाई एकट्या आणि समोर ती सगळी पलटण. त्यांनी पालकांच्या ग्रुपवर विनंती केली की आयांनी पाळीपाळीनं येऊन मोठ्या बाईंची बाजू नुसती सांभाळावी, पाढे म्हणवून घ्यावेत, मारामाऱ्या सोडवाव्यात. मी सुट्टी टाकली आणि गेले.

डावीकडच्या फळ्याजवळ मला खुर्ची दिली. थंडीचे दिवस, टाटपट्ट्या गार, पोरं स्वेटरात कोंबलेली. माझी मुलगी मधल्या टाटपट्टीवर पुढे एकटीच बसली होती. मला पाहून ती हसली, पण जागची हलली नाही. लहान बाईंनी आपल्याकडे तोंड लावलं, मला बोट लावायची खूण केली. उजवी बाजू गर्जायला लागली. माझी बाजू गप्प. माझ्या मुलीनं माझ्या पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. बरं, म्हटलं, म्हणजे ही या बाजूची. थोड्या वेळानं आम्ही पुठ्ठे उलटले. आता माझ्याकडे तोंड. माझी बाजू बेंबीच्या देठापासून पाढे म्हणू लागली. माझ्या मुलीनं मान वळवून उजवीकडच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. तिथे बोट होतं. तिचं बोट ओठांवर होतं तिथेच राहिलं.

आम्ही पुन्हा उलटले. तिनं पुन्हा मान वळवली. कुठे ना कुठे बोट होतंच.

मधल्या सुटीत मी तिला जवळ घेतलं. "तू दोन्हीकडचं बोट काहून पाहते?"

"बाईनं म्हटलं होतं ना, ज्याच्यासमोर बोट दिसन त्यानं चूप राहायचं," ती म्हणाली. "मले तं दोन्ही दिसते."

"मग तुही पाळी कधी येणार होती?"

"दोन्हीकडे तोंड लागन तेव्हा," ती म्हणाली, आणि डब्यातली पोळी खाऊ लागली. दोन्हीकडे तोंड त्या हॉलमध्ये कधीच लागणार नव्हतं. पाच महिने ती त्याची वाट पाहत होती. कोणी पाहत नव्हतं तरी नियम मोडत नव्हती, आणि रोज सकाळी नवं काहीतरी पाहून ठेवत होती. मला रडू आवरेना. मी मैदानाकडे तोंड करून उभी राहिले.

लहान बाईंना मी सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. त्या आत गेल्या, चप्पल काढली, साडी सावरत मधल्या टाटपट्टीवर मांडी घालून बसल्या आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाहिलं. कपाळावर हात मारून घेतला. "माय वं," एवढंच म्हणाल्या.

सुटी संपली, मुलं आत आली. लहान बाईंनी माझ्या मुलीला उभं केलं. "बेटा, तू मधात नको बसू. आता तूच सांग, कोणाकडे बसते? तिकडे का माझ्याकडे?"

तिकडे मी होते. खुर्चीवर बसलेली, तिची आई. मला वाटलं, ती धावत येईल. पुढच्या टाटपट्टीवरच्या पोराला मी सरकायलाही सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, चांगलं नीट पाहिलं. मग दप्तर उचललं आणि लहान बाईंच्या बाजूला गेली.

"आई तं घरी राहतेच," ती जाता जाता शेजारच्या पोरीला समजावून म्हणाली.

लहान बाईंनी आपला पुठ्ठा उलटा केला. तोंड लागलं. मी माझा उलटा केला. "आता ही सांगते, आज काय पाहिलं ते," बाई म्हणाल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. सकाळचं ते सदर सुटीनंतर नसतं, पण त्या दिवशी कोणी तसं म्हटलं नाही. ती फळ्याजवळ जाऊन उभी राहिली. तिनं सवयीनं माझ्याकडचा पुठ्ठा पाहिला. त्यावर बोट होतं. बाई हळूच म्हणाल्या, "ते तुह्यासाठी नाही. तू माही आहे ना."

ती बोलायला लागली. आधी पुटपुटली, मग तिचा घरचा आवाज निघाला, खणखणीत, शेवटच्या टाटपट्टीपर्यंत जाणारा.

"आज मी शाळेत माह्या आईले पाहिलं. ती घरी लय बोलते. इथं चूप बसून आहे."

अख्खा हॉल माझ्याकडे वळून हसला. माझ्या बाजूची पोरंही तोंड दाबून खिदळली. मलाही हसायचं होतं, ओरडून सांगायचं होतं की ही माझी मुलगी आहे, ऐका. पण माझ्या डोक्यावर बोट टांगलेलं होतं आणि माझ्या बाजूनं चूप राहायचं होतं. मी चूप राहिले. तिनं एकदा खात्री करून घेतली की मी बोलत नाही. मग ती माझ्याकडे पाठ करून, आपल्या बाजूच्या मुलांना पुढचं सांगायला लागली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. मी खुर्चीवर बसून ऐकत होते.